कूपमंडूक

वर्धा जिल्ह्याला काय कमी आहे? कापूस आहे, संत्री आहेत, सेवाग्राम आहे, पवनार आहे. उन्हाळा तर एवढा आहे की चार जिल्ह्यांना वाटून द्यावा आणि तरी आपल्यापुरता उरावा. फक्त एक गोष्ट नाही. दोर सोडून आत उतरावे आणि पाताळाचा ठाव घ्यावा, अशी गुहा आमच्याकडे नाही. आयुष्याची साठ वर्षे या जिल्ह्यात काढूनही ही उणीव मला कधी जाणवली नव्हती. ती माझ्या भाचीने परवाच्या वैशाखात दाखवून दिली.

ही भाची पुण्यात राहते. तिच्या वयाच्या मुली सुटीत मामाच्या गावाला येताना पिशवीत काय आणतात ते मला ठाऊक नाही. पण हिने आणला होता साठ मीटर दोर, लोखंडी आणि अॅल्युमिनियमच्या कड्यांचा एक जुडगा, दोन शिरस्त्राणे आणि कमरेला बांधायचे पट्ट्यांचे एक विचित्र लेणे. सह्याद्रीतले कडे तिने पालथे घातले आहेत. गेल्या हिवाळ्यात ती मेघालयात जाऊन तिथल्या चुनखडीच्या गुहाही हिंडून आली. त्यातली एक म्हणे तीस किलोमीटरांहून लांब आहे. म्हणजे वर्ध्याहून निघून जमिनीखालून सेलू ओलांडून पुढे जावे एवढी! तिने ते सांगितले आणि मग सहज विचारले, "मामा, तुझ्याकडे गुहा कुठे आहेत?"

मी म्हटले, "आमच्याकडे गुहा होत नाहीत."

आता हे काही मी थट्टेने बोललो नाही. अशा गुहा व्हायला चुनखडी लागते. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून येताना किंचित आंबट होते, ते चुनखडीच्या फटीत शिरते आणि लक्षावधी वर्षे तिला विरघळवीत राहते. आमचा दगड पडला काळा फत्तर. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्ह्याचे पूर आले, एकावर एक थर साचले. त्याच दगडावर आम्ही कापूस पेरतो. पाण्याने विरघळण्याइतका तो मऊ मनाचा नाही. अजिंठ्याची लेणी याच दगडातली, पण ती पाण्याने केली नाहीत, माणसांनी छिन्नीने खोदली. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला शेख फरीदबाबांच्या टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल खडे सापडतात. टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे बाबांनी दगड केले, अशी कथा आहे. भूशास्त्रज्ञ सांगतात, लाव्ह्यात राहिलेल्या वायूच्या बुडबुड्यांत मागाहून खनिजे भरली, ते हे खडे. म्हणजे आमच्या दगडात पोकळ्या होत्या, नाही असे नाही. पण त्या सुपारीएवढ्या. त्यांत माणूस कसा उतरणार?

भाची जराशी हिरमुसली. तेवढ्यात ओसरीच्या कडेला बसलेले आबाजी म्हणाले, "अन् आपली इहीर काय झाली मंग?"

आबाजी आमच्या वडिलांच्या काळचे सालदार. आता ऐंशी उलटली. साल केव्हाच सुटले, पण सकाळ-संध्याकाळ ओसरीवर येऊन बसण्याची त्यांची नेमणूक कायम आहे. ते 'आपली इहीर' म्हणाले आणि ओसरीवर एकदम शांतता झाली. कारण त्या विहिरीवरूनच घरात आठवडाभर वाद चालला होता.

ही आमच्या मळ्यातली जुनी विहीर. आठ परस खोल आणि वीस फूट रुंद. हल्लीच्या वाचकांसाठी सांगतो, परस म्हणजे हात वर करून उभ्या पुरुषाची उंची. विहिरीची खोली आमच्याकडे याच मापाने बोलतात. एके काळी तिच्यावर दोन मोटा चालत. धावेवरून बैल उतरत, नाडा करकरे, थारोळ्यात पाणी धबाधब पडे. मग इंजिन आले, इंजिनामागे विजेचा पंप, आणि पंपामागे बोअर. बोअर आले तशी विहिरीकडे कोणी फिरकेना. काठ ढासळला, धावेवर बोरी-बाभळी माजल्या. २०१४ साली बोरचे अभयारण्य व्याघ्रप्रकल्प झाले. ते आमच्या शिवारापासून फार लांब नाही, त्यामुळे रात्री शेतात कोण येईल सांगता येत नाही. गेल्या वर्षी एका रोह्याचे पिल्लू विहिरीत पडले. वनखात्याच्या माणसांनी जाळे सोडून ते वर काढले, पण दादाच्या मनाने त्या दिवशी घेतले की विहीर बुजवायची. आज रोह्याचे पिल्लू पडले, उद्या कोणाचे लेकरू पडेल. मुरमाचे टिप्पर ठरले होते. चार दिवसांनी यायचे होते.

दादाचे म्हणणे चुकीचे होते असे मला वाटत नाही. उघडी विहीर हा सापळाच. माझी बहीण मात्र हट्टाला पेटली होती. तिचे म्हणणे, लग्न होऊन या घरातून निघाले तेव्हा त्या विहिरीची पूजा करून निघाले. ती बुजवाल तर मी पुन्हा माहेरी येणार नाही. दादा म्हणाला, "त्या विहिरीत पाणी कुठे आहे? बुडाला चार हात गाळ आहे. पूजा काय गाळाची करायची?" आणि आबाजींचे म्हणणे एकच, "झिरा जिता हाये." झरा जिवंत असेल तर विहीर ठेवायची, मेला असेल तर बुजवायची, इथवर दोघे भावंडे आली होती. पण खाली जाऊन पाहणार कोण? पूर्वी आबाजी नाड्याला धरून उतरत. आता नाडा नाही आणि आबाजींचे गुडघेही नाहीत.

भाचीने दोराच्या वेटोळ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मी जाते."

वैशाखातल्या वर्ध्याच्या दुपारी लोखंडी कडीला हात लावला तर फोड येतो. म्हणून उन्हे उतरल्यावर, सहाच्या सुमारास, आम्ही मळ्यात गेलो. मोटेच्या वेळचे दोन दगडी खांब अजून उभे आहेत. मला वाटले दोर त्यांनाच बांधणार. भाचीने खांबांना दोन्ही हातांनी हलवून पाहिले, मान हलवली आणि दोर कडुलिंबाच्या बुंध्याला बांधला. तेवढ्यावर तिचे समाधान झाले नाही. मागे उभ्या ट्रॅक्टरला दुसरी गाठ गेली. "एक सुटले तर दुसरे पाहिजे," ती म्हणाली. दोर काठावर जिथे घासणार तिथे तिने पोत्याची चौघडी घातली. आबाजी हे सारे बारकाईने पाहत होते. पोते घातलेले पाहून ते पहिल्यांदा खूश झाले. "नाड्याखालीबी आमी असंच घालो," ते म्हणाले. तरुण माणसांची नवी विद्या आपल्या जुन्या विद्येला जिथे येऊन मिळते, तिथे म्हातारी माणसे लगेच विरघळतात. त्यांना फत्तराचा नियम लागू नाही.

"पण बाई, पैले दिवा जाऊ दे खाली," आबाजी म्हणाले. "दिवा जिता वापस आला त मंग माणूस जाईन."

भाचीजवळ हवा मोजण्याचे एक छोटे यंत्र होते. हवेतला प्राणवायू किती, विषारी वायू किती, ते आकड्यांत सांगणारे. ती म्हणाली की कंदिलापेक्षा हे बरे, कारण प्राणवायू सोळा-सतरा टक्क्यांच्या आसपास आल्यावर ज्योत विझते हे खरे असले, तरी काही विषारी वायू ज्योतीला न विझवताच माणसाला विझवतात. आबाजींनी ते ऐकून घेतले आणि मग सांगितले. त्यांचा थोरला भाऊ दुसऱ्या एका गावी विहिरीचा गाळ काढायला उतरला होता. तो बोलेनासा झाला म्हणून त्याला काढायला शेजारचा माणूस उतरला. "दोघं बी वर आले, पन नाड्याले बांधून आनले." आबाजी तेव्हा अठरा वर्षांचे होते, आणि तिसरे उतरायला निघाले होते. त्यांना आईने कंबरेला मिठी घालून धरले.

हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. भाची काही बोलली नाही. तिने यंत्र दोरीला बांधले, त्याच्या शेजारी आबाजींचा कंदील बांधला, आणि दोन्ही खाली सोडली. दोन्ही पाच मिनिटांनी वर आली. यंत्र प्राणवायू २०.९ टक्के सांगत होते आणि कंदील तेवत होता. वाचकांपैकी कोणाच्या मळ्यात जुनी विहीर असेल, तर त्याने या गोष्टीतून बाकी काही घेतले नाही तरी चालेल, एवढे मात्र घ्यावे.

भाची उतरली. अगदी शांतपणे, पायरीवरून ओट्यावर यावे तशी. पंचवीस फुटांवर कपारीतले पारवे फडफडून वर आले, एवढाच काय तो गोंधळ. खालून तिचा आवाज आला, "मामा, ये!"

मी येणार असे ठरले होते का? ठरले होते. सकाळीच मी तिला शब्द दिला होता आणि तिने घरच्या उंबराच्या फांदीवर मला चार वेळा चढवून-उतरवून घेतले होते. माझ्या डॉक्टरांनी जिने चढायला सांगितले आहे. विहीर उतरू नका असे काही म्हटलेले नाही. शिवाय भाचीने खालून दोराचे टोक हातात धरले होते. माझा हात सुटलाच तर तिने खालून दोर ताणला की मी जागच्या जागी थांबणार. वरच्या माणसाने धरणे मी जन्मभर पाहिले. खालून कोणी धरून ठेवते, हे मला नवे होते.

काठावरून पाठमोरे होऊन मागे झुकायचे, हा त्यातला अवघड क्षण. त्या क्षणी माणसाला आपल्या वजनाचे खरे ज्ञान होते. दादा काठावर उभा होता. तो म्हणाला, "अजून वेळ आहे, राहू दे." बहिणीने माझ्या खिशात एक कागदाची पुडी घातली. "विहिरीला हळदकुंकू वाहा," म्हणाली. मी झुकलो.

पहिल्या परसाला काळी माती, तिच्यात कडुलिंबाची मुळे. मग पिवळा मुरूम. मग दगडी बांधणी संपते आणि उघडा फत्तर सुरू होतो. त्याच्यावर सुरुंगाच्या पहारीच्या उभ्या खुणा अजून तशाच आहेत. हे भोक पाण्याने नाही, आमच्या पणजोबांच्या काळच्या माणसांनी हातांनी केले. पवनारला विनोबांनी १९५० साली कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला, तेव्हा बैल न लावता आपल्या हातांनी शेती केली, रहाटसुद्धा सोबत्यांबरोबर स्वतः फिरवला. त्याची गोष्ट मी कितीदा वाचली आहे. पण पाण्यासाठी माणसाच्या हाताला काय पडते ते त्या खुणांवरून बोट फिरवताना मला जसे कळले तसे वाचून कळले नव्हते. वर पंचेचाळीस अंशांचा दिवस निवत होता आणि इथे दगड ओलसर, थंड. सहाव्या परसाला फत्तराच्या दोन थरांमध्ये गेरूसारखा लाल पट्टा लागला. एक लाव्ह्याचा पूर थंड झाल्यावर त्याच्यावर माती झाली आणि मग दुसरा पूर आला. त्यात भाजलेली ती माती. दोन पुरांमधली सुटी म्हणा ना!

पाय गाळात रुतले, तेव्हा सात वाजून गेले होते. गुडघाभर पाणी होते. दादा म्हणत होता तसे. गढूळ आणि स्तब्ध. बेडूक होते, एका कोपऱ्यात जुन्या पंपाचा गंजलेला पाइप होता आणि मधोमध एक कळशी, जी हरवल्याबद्दल बहिणीने लहानपणी मार खाल्ला होता.

"उगवतीच्या कोपऱ्यात, लाल पट्ट्याच्या खाली हात घालून पाह्यजा," वरून आबाजींचा आवाज घुमत आला. हात घातला. गाळ लागला, ढेकळे लागली. गार लागले, पण खाली सगळेच गार होते. झरा आहे की नुसती ओल, ते हाताला सांगता येईना. भाचीने बॅटरी पाण्यावर धरली. पाणी हलत असेल तर दिसले पाहिजे, पण साध्या पाण्याची हालचाल डोळ्यांना दिसत नाही.

मग ती म्हणाली, "गुहावाले पाण्यात रंग टाकतात." जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी एके ठिकाणी जमिनीत गडप होते. ते कुठे जाते हे पाहायला १८७७ साली दहा किलो हिरवा चमकता रंग त्यात ओतला. सुमारे साठ तासांनी बारा किलोमीटरांवरचा आख नावाचा झरा हिरवा झाला. "आपल्याकडे रंग कुठला?" असे ती म्हणेपर्यंत माझा हात खिशात गेला होता.

बहिणीने दिलेली हळद आम्ही विहिरीला वाहिली. कोपऱ्यातल्या पाण्यावर चिमूटभर टाकली आणि दोघेही श्वास धरून राहिलो. हळद तिथेच राहिली. मग तिचा कडेचा भाग किंचित ताणला गेला. मग ती भिंतीपासून सुटली आणि एखादी मुंग्यांची रांग निघावी तशी हळूहळू मधाकडे निघाली. पुन्हा टाकली, पुन्हा निघाली. तिसऱ्यांदा भाचीने कोपऱ्यातला गाळ दोन्ही हातांनी ओढून काढला, आणि यावेळी हळदीची वाट पाहावी लागली नाही. तिच्या बोटांमधून स्वच्छ पाण्याचा धागा बाहेर आला.

मी वर पाहून ओरडलो, "आबाजी, आहे!" वरून काही उत्तर आले नाही. मागाहून कळले की आबाजी मटकन खाली बसले होते.

वर पाहिले ते पाहतच राहिलो. विहिरीतून दिवसा तारे दिसतात असे लहानपणी ऐकले होते. अॅरिस्टॉटलनेही तसे लिहून ठेवले आहे. ते खरे नाही. दिवसाचे आकाश विहिरीतूनही तेवढेच उजळ असते. पण आता पावणेआठ होत आले होते. विहिरीच्या गोल तोंडात निळ्याचे काळे होत होते आणि त्यात एकुलता एक तारा उमटला होता. वैशाखअखेरीस आमच्या डोक्यावर त्या वेळी सिंहाचे शेपूट येते. ती उत्तरा फाल्गुनी. पारवे बसले होते, वटवाघळे निघाली होती, आणि काठावर तीन डोकी वाकून आमच्याकडे पाहत होती. कूपमंडूक म्हणून आपण ज्याला हिणवतो त्याच्या वाट्याला इतके काही असते, हे संस्कृत पंडितांना कोणी सांगितले नाही.

आणि आता वर जायचे, तेही बेडकासारखेच. एका दोरावरून चढायच्या या पद्धतीचे नावच इंग्रजीत 'बेडूक' आहे. छातीशी एक पकड, हातात दुसरी. दोन्ही दोरावर वर सरकतात, खाली सरकत नाहीत. हातातल्या पकडीला पायाची वादी. पाय पोटाशी घ्यायचे, हात वर सरकवायचा, वादीत उभे राहायचे, मग बसायचे. एका उडीला हातभर चढण. प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ साली हेच काम नुसत्या दोरीच्या गाठीने करून दाखवले होते. स्वित्झर्लंडमधल्या युझी नि मार्टी या जोडीने १९५८ साली त्याची धातूची पकड विकायला आणली. त्यांतल्या युझीला गरुडांचा अभ्यास करायला दोरावरून चढावे लागे. दोघांच्या नावांवरून तिला 'जुमार' म्हणतात. १९६७ साली मेक्सिकोतल्या एका प्रचंड गर्तेत, पाकोळ्या जिथे राहतात तिथे, माणसे एका दोरावरून तीनशे तेहतीस मीटर अधांतरी उतरली आणि तेवढीच चढून वर आली. मला चढायचे होते आठ परस. पण माझे पोट आणि माझे गुडघे यांची भेट फार वर्षांत झाली नव्हती, ती त्या संध्याकाळी पुनःपुन्हा घडत होती.

अर्ध्यावर मी थांबलो. दोर मंद फिरत होता आणि त्याबरोबर मीही. खाली भाचीचा दिवा, वर तारा. तेवढ्यात आबाजींनी वरून जीभ टाळूला लावून तो आवाज काढला. मोटेचे बैल धाव चढताना त्यांना काढत असत तोच. हसू आले आणि हसता हसता पाय आपोआप पोटाशी गेले. त्या आवाजावर मी उरलेले चार परस चढलो. काठावर दादाने मला बखोटीला धरून वर ओढले. तो काहीच बोलला नाही. त्याने फक्त माझ्या हाताला लागलेला ओला गाळ आपल्या बोटांत घेऊन चोळून पाहिला.

टिप्पर आले, पण मुरूम विहिरीत गेला नाही. पडक्या धावेवर पसरला. गाळ काढला, तो यंत्राच्या पाळण्याने, आणि रोज आधी हवा तपासून. कमरेएवढा पक्का कठडा झाला, त्यावर लोखंडी जाळी. आता रोही येवो की बिबट्या, पाणी पाहून परत जाईल. खर्च पुष्कळ झाला. दादा तो दिवसातून एकदा मोजून दाखवतो. पण दिवसातून दोनदा तो मळ्यातही जातो. जाळीच्या फटीतून दगड बांधलेली दोरी सोडतो, ओली कुठवर झाली ते पाहतो आणि खिशातल्या वहीत लिहितो. वसुबारसेला त्याने मला फोन केला. सहा परस पाणी चढले आहे म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "भाऊबीजेला ताई येते आहे. तिला सांगू नको. मी दाखवणार आहे."